कॅनडात कानांवर पडलेलं: घर, भाडं, मतदान वगैरे

आम्ही २०१४ साली मिसिसागात आलो तेव्हा शेजारच्या काकांशी बोलायला विषय दोनच असायचे, बर्फ आणि हॉकी. काका मूळचे पोर्तुगालचे, जन्मभर गवंडीकाम करून निवृत्त झालेले. परवा सकाळी ड्राइव्हवेवर फावडं टेकवून त्यांनी विचारलं, "तुमचं रिन्यूअल कधी?" माझ्या पोटात गोळाच आला. रिन्यूअल तोंडावर आलं होतं आणि तो विषय मी घरातसुद्धा टाळत होतो.

भारतातल्या वाचकांसाठी: इथे गृहकर्ज पंचवीस वर्षांचं असलं तरी व्याजदर बहुतेकांचा पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो. पाच वर्षं संपली की उरलेल्या रकमेला त्या वेळचा दर लागतो. कोविडच्या काळात बँक ऑफ कॅनडाचा दर ०.२५ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये तो ५ टक्क्यांवर गेला. नंतर उतरला, पण पहिल्या जागी काही आला नाही. आम्ही २०२० च्या अखेरीस सहा लाख डॉलर १.९ टक्क्यांनी उचलले होते, हप्ता अडीच हजार. आता ४.४ टक्के, हप्ता एकतीसशेच्या वर. पगार तोच.

काका म्हणाले, "एक्याऐंशी साली मी अठरा टक्के भरलेत." हे वाक्य इथल्या सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. त्या वेळी घर केवढ्याला पडलं होतं, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. टोरांटो आणि आसपासच्या भागात फेब्रुवारी २०२२ मध्ये घराची सरासरी किंमत तेरा लाख डॉलरच्या वर होती. त्यानंतर बरीच उतरली, तरी काकांची मुलगी, चौतीस वर्षांची, नर्स, अजून नवऱ्यासकट त्यांच्याच तळघरात राहते. "पोरांना घर परवडत नाही, सरकार झोपलंय" हे काकांचं पालुपद. आणि कोपऱ्यावरचं जुनं घर पाडून तिथे चार बिऱ्हाडांची इमारत होणार म्हटल्यावर विरोधाच्या अर्जावर पहिली सही कोणाची? काकांचीच. पार्किंगचा प्रश्न येईल म्हणे.

तर धागा यासाठी. स्वतःची मतं कृपया खिशात ठेवा. ज्यांच्यात तुमची उठबस आहे, शेजारी, सहकारी, घरमालक, दुकानातलं गिऱ्हाईक, त्यांच्या तोंडून काय ऐकलंत ते लिहा. कोणाचं नाव नको. आणि भारतातल्या पक्षांची भांडणं इथे आणू नका, त्यासाठी शंभर धागे पडलेत.

तळघरवासी, ब्रॅम्प्टन

काकांच्या मुलीला सांगा, मीही तळघरातच आहे, फक्त बापाच्या नाही.

आधीच्या मालकाने मला एन-ट्वेल्व्ह दिली होती. म्हणजे "जागा मला स्वतःला राहायला हवी" अशी नोटीस. साठ दिवसांची मुदत आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई. राहायला कोणीच आलं नाही, तीन महिन्यांनी तीच खोली चारशे डॉलर जास्तीने जाहिरातीत दिसली. भांडायला जायचं तर सुनावणीला महिनोन् महिने लागतात, मी नाद सोडला.

आताचे मालक पंजाबी अंकल, ट्रक चालवतात. त्यांचं ऐकणं हाच माझा रविवारचा कार्यक्रम, कारण वॉशिंग मशीन त्यांच्या बाजूला आहे. २०२३ मध्ये म्हणायचे, "ये स्टूडेंट लोगों ने सब बिगाड़ दिया, एका घरात बारा बारा." जानेवारी २०२४ मध्ये सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली तेव्हा गावभर पेढे वाटतील इतके खूश. आता शेजारची दोन तळघरं रिकामी आहेत. मागच्या महिन्यात स्वतः खाली आले, चहाचा कप हातात, आणि म्हणाले, बेटा, १,९०० जास्त होतात, १,६५० दे, पण जाऊ नकोस. त्यांचं कर्ज बदलत्या दराचं आहे. मी गेले तर त्यांचा हप्ता कोण भरणार?

मी "बरं" म्हटलं आणि कपडे वाळवायला टाकले.

गोठलेला आंबा, किचनर

मी ती स्टूडेंट. म्हणजे बारापैकी एक नाही, आम्ही सहाच होतो.

कॉफीच्या काउंटरवर सकाळची पाळी करते. साडेसहाला पाच आजोबा येतात, तेच टेबल, तीच डबल-डबल (दोन साखर, दोन क्रीम). त्यांचं राजकारण मला पाठ झालंय. घरं महाग? बाहेरचे लोक. दवाखान्यात आठ तास? बाहेरचे लोक. फॅमिली डॉक्टर मिळत नाही? तेच. एकदा मी टेबल पुसत होते आणि त्यातले एक गप्पच झाले. मग म्हणाले, "तू नाहीस गं. बाकीचे." प्रेमाने म्हणाले, हे खरं. त्यांनीच मला पहिल्या हिवाळ्यात बायकोचे जुने बूट आणून दिले होते.

त्यांच्या नातीने उन्हाळ्यात आमच्याच काउंटरवर अर्ज टाकला होता. तिला नाही मिळाली नोकरी. जुलै २०२५ मध्ये इथल्या तरुणांची बेकारी १४ टक्क्यांच्या वर होती. तेव्हापासून ते बिल देताना माझ्याकडे बघत नाहीत. बाकी चौघं बघतात.

घरी हे सांगता येत नाही. बाबांनी साताऱ्याची जमीन तारण ठेवून पाठवलंय. माझ्या वेळी खात्यात १०,००० डॉलर दाखवावे लागायचे, २०२४ मध्ये ते २०,६३५ झाले. माझ्या मागून येणाऱ्या मैत्रिणीचं तिथेच थांबलं.

धागाकर्ता

आंबाताई, लिहीत राहा.

पोळीभाजी, स्कारबरो

छोटंसंच. २०२५ च्या सुरुवातीला आँटारियो सरकारने प्रत्येकाला दोनशे डॉलरचा चेक पाठवला आणि २७ फेब्रुवारीला प्रांताची निवडणूक. ऑफिसात सगळे हसले, "आमच्याच पैशाने आम्हाला लाच", आणि सगळ्यांनी वटवला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही लाडकी बहीण!"

धागाकर्ता

नियम मोडलात. पण आईंना माफ.

भोसरी ते डेट्रॉइट नदी, विंझर

मी भोसरीच्या टूलरूममधून इकडे आलो, आता गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर आठ जण. खिडकीतून पलीकडची अमेरिका दिसते. आमचा एक भाग तयार होईस्तोवर ती हद्द चार-पाच वेळा ओलांडतो, त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये तिकडून गाड्यांवर २५ टक्के आयातशुल्क लागलं तेव्हा टीव्हीवाल्यांच्या आधी आम्हाला कळलं. ओव्हरटाइम बंद. नंतर एक पाळी बंद.

लोकांना वाटतं, यावर सगळा देश एक झाला. झाला, पण कसा ते सांगतो. आमचा फोरमन पंचवीस वर्षं दर शनिवारी डेट्रॉइटला दूध-चीज आणायला जायचा, तिकडे स्वस्त म्हणून. कॅनडा अमेरिकेचं "एक्कावन्नावं राज्य" होईल, हे ट्रम्पचं बोलणं ऐकल्यावर गेला नाही. आजतागायत नाही. त्याची बायको मात्र रोज जाते, ती तिकडच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि घर तिच्या अमेरिकी डॉलरवर चालतं. दारूच्या सरकारी दुकानांतून ४ मार्चला अमेरिकी बाटल्या काढल्या, त्या दिवशी त्याने घरातली केंटकीची अर्धी बाटली मोरीत ओतली. दुसऱ्याने विचारलं, "अरे, पैसे तर आधीच दिले होतेस ना?" त्यावर तो दोन दिवस बोलला नाही त्याच्याशी.

मतांचं म्हणाल तर युनियनचं टेबल, पूर्वी इथे नारंगी (एनडीपी, कामगारांचा पक्ष) नाहीतर लाल (लिबरल). एप्रिल २०२५ च्या देशाच्या निवडणुकीत अर्धे निळे (कॉन्झर्व्हेटिव्ह). कारण विचारलं तर शुल्क नाही सांगत कोणी, घर सांगतात. "माझ्या पोराला अठ्ठाविसाव्या वर्षी मी अजून पोसतोय, दहा वर्षं हेच सरकार होतं." दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आता नवखा नको, लिबरलांचा कार्नी दोन देशांच्या मध्यवर्ती बँका चालवून आलाय. दोघं एकाच गाडीतून कामाला येतात.

आणि ऐका. आमच्या विंझर-टेकमसे-लेकशोर मतदारसंघात फेरमोजणीनंतर निळा जिंकला, फरक ४ मतांचा. चार! त्या टेबलावर दोन जण मतदानाला गेलेच नव्हते, कंटाळा म्हणून. त्यांना आता दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात.

ढगातला, व्हँकुव्हर

आमच्या मजल्यावर दोन सारखेच फ्लॅट. एका बाजूला बाई गेली चौदा वर्षं राहतायत, भाडं १,४५०. समोर नवीन जोडपं, २,७००. इथे भाडेवाढीची मर्यादा (२०२५ साठी ३ टक्के) भाडेकरू आहे तोवर लागू, जागा रिकामी झाली की मालकाला मोकळं रान. बाई म्हणतात कायदा आहे म्हणून मी जिवंत आहे. समोरचा म्हणतो या कायद्यामुळे कोणी हलत नाही, म्हणून मला दुप्पट. मी लिफ्टमध्ये दोघांनाही मान डोलावतो. बाईंना मुलाजवळ व्हिक्टोरियाला जायचंय, गुडघे गेलेत. पण १,४५० सोडून जायचं कसं?

माँट्रियलकर

इथे पहिल्यांदा भाषा, मग बाकी सगळं. भाड्याबद्दलची तक्रारही फ्रेंचमध्ये केलीत तर सहानुभूती मिळते. १ जुलैला अर्धं शहर घर बदलतं, माझा सोफा फूटपाथवरचा आहे. एवढंच.

शेकोटी, कॅलगरी

ब्रॅम्प्टनचे दोन बेडरूम विकून इथे मोठं घर घेतलेल्या मंडळींपैकी मी एक, त्यामुळे शेजारी आधी मलाच शिव्या घालतो. "तुम्ही टोरांटोवाले आलात आणि इथले भाव चढवलेत." आल्बर्टा सरकारनेच "आल्बर्टा बोलावतोय" अशा जाहिराती टोरांटोत लावल्या होत्या, हे सांगून उपयोग नाही. इथे प्रांताचा विक्रीकर नाही आणि भाड्याला लगामही नाही. पहिली गोष्ट सगळ्यांना आवडते, दुसरी भाडेकरू झाल्यावर कळते.

हा शेजारी तेलक्षेत्रातला. ओटावा, म्हणजे केंद्र सरकार, आमचं तेल विकून खातं आणि आम्हालाच शिकवतं, हा त्याचा सिद्धांत. वेगळं व्हायच्या गोष्टी करतो. कार्नी एडमंटनला वाढला म्हटलं तर "वाढला आणि पळाला" म्हणतो. कार्बन करावर तर विचारूच नका, पंपावर उभा राहून लिटरमागे १७.६ सेंट मोजून दाखवायचा. त्या कराचा परतावा दर तीन महिन्यांनी थेट खात्यात यायचा, आमच्यासारख्या चौघांच्या कुटुंबाला ४५० डॉलर. त्यालाही तेवढेच. १ एप्रिल २०२५ ला कर शून्य झाला, त्याने अंगणात बार्बेक्यू केलं, आम्हालाही बोलावलं (आमच्यासाठी मक्याची कणसं वेगळ्या जाळीवर, माणूस सोन्यासारखा आहे). त्या महिन्यात परताव्याचा शेवटचा हप्ता आला.

जुलैत कुंपणावरून विचारतो, "तुझे ४५० आले का रे? माझे कुठेतरी अडकलेत."

मी समजावून सांगितलं. थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बघ, ओटावाने ते पण खाल्लं."

धागाकर्ता

शेकोटी, हसून हसून चहा सांडला.

आमच्या काकांची बातमी: त्यांना हा धागा वाचून दाखवला, म्हणजे इंग्रजीत सांगितला. अर्जावरच्या सहीचा भाग मी गाळणार होतो, पण तोच त्यांनी नेमका पकडला. रागावले नाहीत. म्हणाले, इमारत होऊ दे, पण दोन मजली, आणि मुलीला त्यातलं एक बिऱ्हाड मिळणार असेल तर तीन.

एक फुली, ओटावा

आमचं पहिलंच मतदान. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस भरले, शपथ झाली आणि चार महिन्यांत निवडणूक. मतदारसंघ कार्लटन, म्हणजे विरोधी पक्षनेत्याचा स्वतःचा. २००४ पासून या बाजूला पॉलिएव्हच निवडून यायचे. आमच्या रस्त्यावर निम्मे सरकारी नोकर, निम्मे शेतकरी. शेतकरी म्हणायचे ओटावात बाबू फार झालेत, कमी करा. आणि बाबू त्यांच्याकडूनच अंडी घेतात.

ऑफिसात कोणी कोणाला मत दिलं हे विचारायची पद्धत नाही, जेवणाच्या टेबलावरही नाही. पण २८ एप्रिलच्या रांगेत लोक मोकळे होतात. माझ्या पुढे एक आजी, वॉकर घेऊन. म्हणाल्या, घर विकून छोट्या जागेत जायचंय, पण छोटी जागा मोठ्या घराच्या भावात मिळते, म्हणून चार खोल्या एकटी झाडते. मागचा तरुण लगेच म्हणाला, "मला द्या की एक खोली." त्या म्हणाल्या, "गवत कापतोस का?" त्याने नंबर दिला. थट्टा होती की काय, कळलं नाही.

मतपत्रिका हातात आली आणि हसू आलं. निवडणूक पद्धतीच्या निषेधात लोकांनी मुद्दाम गर्दी करून अर्ज भरले होते, एकूण ९१ उमेदवार. जवळजवळ मीटरभर कागद. पुण्यात माझ्या मागच्या मतदानाला यंत्रावरचं एक बटण होतं. इथे पडद्यामागे एक छोटी पेन्सिल आणि हा पंचा. दोन्ही हातांनी उलगडला, नाव शोधलं, एक फुली केली, मग घडी घालता येईना. अधिकारी बाई म्हणाल्या, अशी नव्हे, आधी अर्धी, मग अर्धी, मग परत अर्धी. सकाळपासून त्या हेच शिकवत होत्या.

निकाल पहाटे लागला, पॉलिएव्ह हरले. आमच्या रस्त्यावर त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. अंडीवाला मात्र नेहमीप्रमाणे आला, डझनामागे पन्नास सेंट वाढवून.