गोव्यात बसायचं कुठं, कळंगुटच्या शॅकवर का पणजीच्या जुन्या बारमध्ये?

तापीकाठचा (जळगाव)

एप्रिल २०२४ ला जळगावहून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या ग्रुपात दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी गोवा काढतोच, आणि प्लॅन दर वेळी तोच, मोपाच्या विमानतळावर उतरायचं, टॅक्सी करून सरळ कळंगुट नाहीतर बागा गाठायचं, तीन दिवस तिथंच बसायचं अन परत. मी असा तीनदा जाऊन आलो, चौथ्यांदा बसायला तिकडे जाणार नाही.

डिसेंबरात कळंगुटला एका शॅकवर, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा बारमध्ये, आम्ही चौघं बसलो होतो. मेनूकार्डात एक रेट, बिलात दुसरा, वरून सर्व्हिस चार्ज, विचारलं तर म्हणे सीझन आहे. पैशाचं एक वेळ सोडून देऊ, पण पीत काय होतो तर इथं हायवेवर पितो तीच व्हिस्की, ऐकत काय होतो तर आपल्याकडे वरातीत वाजतात तीच गाणी, अन शेजारच्या टेबलावर इंदूरचे, सुरतचे, आपलेच लोक. गोव्याचं असं त्या टेबलावर काहीच नव्हतं.

मार्चात गेलो तेव्हा परतीच्या दिवशी वेळ होता म्हणून पणजीला थांबलो. फोंतेन्हासमध्ये, '३१ जानेवारी' नावाच्या रस्त्याच्या आजूबाजूला जुनी पिवळी-निळी घरं आहेत, त्यात एका खोलीचा बार, चार बाकडी, भिंतीला जुनं घड्याळ. मालकाला विचारलं गोव्याचं काय आहे, तर म्हणाला उर्राक घ्या, आता सीझन आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेची निघते ती उर्राक, तीच परत भट्टीवर चढवली की फेणी. उर्राक हलकी असते, फेब्रुवारी ते मे एवढीच मिळते, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून देतात. तो वास पहिल्या घोटाला अंगावर येतो, तिसऱ्या घोटाला आवडायला लागतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, ऑफिस सुटलेले दोघं आले, एकेक ग्लास पिऊन घरी गेले. बाहेर आलो तर गाड्यावर रस-ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट, आणि पाव. अख्ख्या तीन ट्रिपमधली हीच संध्याकाळ मला लक्षात राहिली.

माझं मत एवढंच, गोव्यात प्यायला जायचं असेल तर तिथले लोक बसतात तिथं बसा अन तिथलं प्या. तुमचं काय म्हणणं आहे सांगा.

केळीवाला (रावेर)

नाही पटलं भो, अजिबात नाही पटलं. एका खोलीचा बार, चार बाकडी, ऑफिस सुटलेले दोघं, हे तर आपल्याकडे सावद्याला पण आहे, फैजपूरला पण आहे. त्याच्यासाठी विमानात कशाला बसायचं?

आपल्याकडे समुद्र नाही, हे तुम्ही विसरले. माझ्या आजोबांनी आयुष्यभर तापी पाहिली, हतनूरचं धरण झालेलं पाहिलं, समुद्र पाहिला नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. संध्याकाळी शॅकवर बसलो, पाय वाळूत, पुढ्यात थंडगार बिअर, तळलेला बांगडा, अन समोर ते पाणी लाल होत चाललंय, मी पाऊण तास कोणाशी बोललोच नाही. ग्लासात काय आहे याला माझ्या लेखी किंमत कमी आहे, समोर काय आहे याला जास्त. वर्षभर केळीच्या बागेत पिलबाग, खोडवा, खतं, करपा हेच डोक्यात असतं, मग तीन दिवस मिळाले तर ते मी भिंतीवरचं घड्याळ बघत घालवू का?

बिलाचं म्हणाल तर चूक तुमची जागेची. कळंगुट-बाग्याला मरणाची गर्दी असते. मोपाला उतरल्यावर ते सोडून मोरजी, आश्वे, मांद्रे इकडे जा, एअरपोर्ट पेडणे तालुक्यातच आहे अन हे किनारे पण त्याच तालुक्यात, जवळ पडतात अन शांत आहेत. बसण्याआधी रेट विचारायचा, मासा ताटात येण्याआधी वजन करून भाव ठरवायचा. शॅक ऑक्टोबरपासून मेपर्यंतच असतात, पावसाळ्याआधी काढून टाकतात, हे पण लक्षात ठेवा, नाहीतर जुलैत जाल अन म्हणाल काहीच नाही.

तापीकाठचा (जळगाव)

समुद्र बघायला माझी ना नाही, मिरामारला जाऊन बघा की, पणजीहून तीनेक किलोमीटर आहे. पण पाहणं वेगळं अन पिणं वेगळं. सावद्याच्या बारची तुलना मान्य नाही, कारण सावद्याला काजूची फेणी मिळत नाही. २००९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०१६ ला गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं. आपल्या केळीला अन भरिताच्या वांग्याला जीआय मिळालं तेव्हा आपण सगळीकडे सांगत सुटलो होतो ना? मग उद्या गोव्याचा माणूस जळगावात आला अन भरीत-कळण्याची भाकर सोडून पिझ्झा खाऊन गेला तर तुम्हाला वाईट वाटेल का नाही? मला वाटेल.

ताई (धुळे)

तुम्ही दोघं भांडताय ते ठीक आहे पण दोघांनी पण एका गोष्टीचा विचार केलेला नाही, बाईमाणसानं कुठं बसायचं.

मी बिअर घेते, नवऱ्यासोबत घेते, लपवत नाही. धुळ्यात आम्हाला बसायचं म्हटलं तर फॅमिली सेक्शन, म्हणजे मागच्या बाजूला पडदे लावलेली कोंदट खोली, वेटर पडदा सरकवून आत बघून जातो. आपण काही चोरी करतोय असं वाटत राहतं. गोव्यात पहिल्यांदा शॅकवर बसले तेव्हा पडदा नव्हता. शेजारी एक आजी वाईन घेत होत्या, त्यांची नात वाळूत खेळत होती, कोणी मान वळवून बघत नव्हतं. ते मोकळेपण मला एवढं हवं होतं हे मला तिथं गेल्यावर कळलं.

मग आम्ही तुम्ही म्हणता तसल्या जुन्या बारमध्ये पण गेलो, पणजीतच. पाच पुरुष बसलेले होते, मी आत पाय ठेवला अन बोलणंच थांबलं. कोणी वाईट वागलं नाही, उलट एकानं बाकडं रिकामं करून दिलं. पण मी अर्धा ग्लास ठेवून उठले. त्यामुळे माझं मत शॅकला, बिल दोनशेनं जास्त आलं तरी.

तापीकाठचा (जळगाव)

ताई, हे माझ्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. पण एक सांगतो, मी गेलो त्याच्या शेजारच्याच बारमध्ये काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या, सगळा धंदा त्याच बघत होत्या. जुन्या बारमध्ये अशा बायका दिसतात, म्हणजे तिथं बाईमाणूस परकं नाही.

ताई (धुळे)

काउंटरमागची बाई अन बाकड्यावरची बाई यात फरक आहे दादा. काउंटरमागची कामावर असते.

नवापूरकर

एवढ्या लांब कशाला? आम्ही सुरतकडून वापी अन तिथून दमण, सकाळी निघालं की दुपारी देवका बीच. स्वस्त आहे, जवळ आहे. फक्त येताना गुजरात लागतं अन तिथं १९६० पासून दारूबंदी आहे, म्हणून जे काय प्यायचं ते दमणातच, गाडीत एक थेंब ठेवायचा नाही.

सातपुड्याचा (अक्कलकुवा)

फेणीचं वाचलं म्हणून लिहितो. तिकडे काजूचं बोंड पिकून खाली पडतं त्याच दिवसांत आपल्याकडे मोह गळतो. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारातच आमच्याकडची माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फूल रात्री गळतं, ऊन चढायच्या आत वेचायचं, वाळवायचं, आंबवायचं, मडक्यावर मडकं ठेवून गाळायची. काजूची रीत पण अशीच, झाडाचं तोडत नाहीत, पडलेलंच वेचतात, पायानं तुडवून रस काढतात. दोन्हीत माणूस तोच, कष्ट तेच. फरक एवढा की त्यांच्या भट्टीला सरकारनं मान दिला अन आमच्या मडक्यावर धाड पडते. इंग्रजांनी १८९२ ला मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांवर कायदा आणला, तेव्हापासून आमचा माणूस चोर ठरला. आमच्याकडे देवाला मोहाची धार दिल्याशिवाय पूजा होत नाही, जन्म असो का मरण असो, पहिला थेंब जमिनीवर सांडतो. शेजारी मध्य प्रदेशनं मोहाच्या दारूला हेरिटेज दर्जा दिला, अलीराजपूरला बाटलीत भरतात आता. आमच्यापासून अलीराजपूर कितीसं लांब आहे, नर्मदा ओलांडली की तिकडेच.

म्हणून जळगावच्या भाऊंना माझा पाठिंबा. पणजीत बसा, उर्राक मागा, मालकाला विचारा कशी करतात. पण परत आल्यावर आमच्याकडच्या मोहाला 'हातभट्टी' म्हणून नाक मुरडू नका.

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

मी बसायच्या जागेपेक्षा उठल्यावरचं सांगतो, कारण आमच्या ओळखीतल्या एका घरचा पोरगा गोव्याहून परत आला नाही. रात्री प्यायलेल्या अवस्थेत भाड्याची स्कूटर चालवत होता. एवढंच लिहितो, जास्त लिहवत नाही.

पणजीला बसलात तर चालत रूमवर जाता येतं, हा पणजीचा मोठा फायदा आहे अन तो कोणी सांगितला नाही. किनाऱ्यावर बसलात तर रूम शॅकच्या मागेच घ्या. पणजी ते कळंगुट पंधरा किलोमीटर आहे, रात्री बस मिळेल असं समजू नका, आधीच टॅक्सी ठरवा. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी असते, पिवळा मडगार्ड बघून बसा. दुसरं, बाटली घेऊन उघड्या वाळूवर बसू नका, दंड होतो, २०१९ ला तो एकट्याला २,००० अन ग्रुप असेल तर १०,००० रुपये ठरवला होता, शॅकवर बसायला हरकत नाही. आणि पिऊन पाण्यात जायचं नाही म्हणजे नाही. लाईफगार्डची ड्यूटी संध्याकाळपर्यंतच असते, आपल्याला तापीत पोहता येतं म्हणून समुद्रात येतं असं नसतं, पाणी आत ओढतं.

स्वस्त मिळते म्हणून बाटल्या भरून आणायचं पण डोक्यातून काढा. परमिटशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, रोडनं आलात तर इन्सुलीच्या नाक्यावर डिक्की उघडायला लावतात. विमान परवडत नसेल तर भुसावळहून गोवा एक्सप्रेस आहे, मंगला पण आहे.

केळीवाला (रावेर)

भुसावळच्या दादांचं प्रत्येक वाक्य मान्य. रूम शॅकच्या मागेच घेतो आम्ही, गाडी घेतच नाही.

अक्कलकुव्याच्या भाऊंनी लिहिलं ते दोनदा वाचलं. पालच्या बाजूला आमचे पण पावरा आदिवासी मजूर आहेत, त्यांच्या घरी सणाला मोहाची घेतली आहे मी, अन ती मांडलेल्या टेबलावर नाही, झाडाखाली घेतली. तिथं ती चांगली लागली कारण तिथली होती. म्हणजे जळगावच्या भाऊंचं 'तिथलं प्या' हे मला पटलं असं धरा. पण 'तिथं बसा' हे नाही पटलं. उर्राक शॅकवर पण मागता येते, मार्चात विचारून बघा, काही जण देतात.

अन खरं कारण सांगतो. ह्या मार्चात आईला नेतोय. ती एकाहत्तर वर्षांची आहे, विमानात बसली नाही, समुद्र पाहिला नाही. मी ग्लास घेतला की ती काही बोलत नाही, फक्त बाजूला जाऊन बसते. मांद्र्याला ती बाजूला जाऊन बसली तरी समोर पाणी असेल. पणजीच्या खोलीत मी तिला कुठं बसवू?

तापीकाठचा (जळगाव)

आईला मांद्र्यालाच न्या. सकाळी पण न्या, पाणी ओसरलेलं असतं तेव्हा वाळूवर चालता येतं त्यांना. मी आमच्या चौघांना घेऊन फोंतेन्हासलाच जाणार, त्यात बदल नाही. ताई, तुम्ही परत कधी गेलात तर कळवा, आमच्या घरचे सोबत असतील तेव्हा दोन बाया एका बाकड्यावर बसल्या तर कसं वाटतं ते बघू.

ताई (धुळे)

कळवते. पण चार बाया असतील तर येईन.