जठरातील व्रण: बरे वाटल्यावर गोळ्या थांबवाव्यात का?

प्रश्न (अमळनेर):
वडील गुडघेदुखीसाठी अनेक वर्षे डायक्लोफिनॅक घेत होते. दुर्बिणीच्या तपासणीत त्यांच्या जठरात व्रण आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू आढळले. त्यावर १४ दिवसांसाठी दोन प्रतिजैविके आणि पॅन्टोप्राझोल सुरू आहे. मात्र सहाव्या दिवशीच दुखणे थांबल्याने ते गोळ्या नको म्हणतात. हा आजार शेवभाजीच्या तिखटामुळेच झाला, असेही त्यांचे ठाम मत आहे.

उत्तर (धुळे):
कृपया थांबवू देऊ नका. पॅन्टोप्राझोल आम्लाची निर्मिती कमी करते, त्यामुळे वेदना लवकर शमतात. परंतु जिवाणूंचा नाश प्रतिजैविकांनीच होतो आणि मात्रा अर्धवट सोडल्यास उरलेले जिवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात. पॅन्टोप्राझोल जेवणापूर्वी साधारण अर्धा तास घ्यावे. उपचार संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेल्याची खात्री करतात. तिच्या आधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवावे लागते, ते डॉक्टरांना विचारूनच.

उत्तर (चोपडा):
काळ्या मसाल्याने जळजळ वाढू शकते, व्रण होत नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना या जिवाणूच्या शोधासाठीच २००५ चे नोबेल मिळाले. मला अधिक काळजी डायक्लोफिनॅकची वाटते, कारण जठराच्या अस्तराचे संरक्षण त्यामुळे कमी होते. गुडघ्यांसाठी दुसरा उपाय डॉक्टरांकडून अवश्य घ्यावा. डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उरलेले ८ दिवस गोळ्या मीच हातात देईन.