दसऱ्याआधी संभाजीनगरला कोण चाललंय? कंप्रेसर न्यायचाय

चिकलठाणेकर:
मंडळी, अप्पांच्या मर्सिडीज एस-क्लासचा डावा पुढचा कोपरा पुन्हा बसायला लागलाय. रात्री नीट उभी असते, सकाळी टायर मडगार्डमध्ये शिरलेला. गॅरेजवाला म्हणतो एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर गेला. मी इकडे परदेशात नवा, वाबको कंपनीचा घेऊन ठेवलाय. दसऱ्याआधी कुणी जाणार असेल तर बॅगेत जागा द्या. इंजेक्टर ज्यांनी नेले होते त्यांना परत भीड घालवत नाही. पूजेला गाडी चारही चाकांवर सरळ उभी हवी, अप्पांनी तेवढं एकच मागितलंय.

सामानवाली ताई:
सामानाची यादी मी ठेवते, कृपया इथे परस्पर ठरवू नका. गेल्या वर्षी एकाच बॅगेवर दोघांनी हक्क सांगितला आणि ऐन काउंटरवर कुणाच्या तरी आईचा गुडघ्याचा पट्टा बाहेर काढावा लागला. पार्ट बिलासकट द्या. आणि खोकं नेणाऱ्यासमोर उघडून दाखवायचं, कस्टमने विचारलं तर त्याला सांगता आलं पाहिजे.

लातूरकर काका:
अरे थांब, कंप्रेसर पाठवायची घाई करू नको. सुरू केल्यावर गाडी उठते ना? मग कंप्रेसर जिवंत आहे. तो गेला असता तर गाडी उठलीच नसती. एकच कोपरा बसतो म्हणजे त्याच कोपऱ्यात हवा गळतेय. पुढच्या बलूनचं, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या पिशवीचं, रबर घडीवर चिरतं. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, त्यात गाडी महिनोन् महिने उभी. बलून गळतो, भरपाई करायला कंप्रेसर सारखा पळतो आणि शेवटी तोही जळतो. बलून तसाच ठेवून नवा कंप्रेसर बसवलास तर त्याचीही तीच गत होणार. लातुरात एका ओळखीच्यांचे असे दोन गेलेले मी पाहिलेत.

अप्पांना सांग, रात्री चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या. चारही चाकांचं. खडूनं फरशीवर लिहा, सकाळी परत मोजा. मग साबणाचं पाणी ब्रशनं नळीच्या जोडावर आणि रबराच्या घडीवर लावा. जोडावर बुडबुडे आले तर काम थोडक्यात निभावलं.

परभणीकर:
काका म्हणतात ते खरं, पण मी तर म्हणतो हवेचं काढूनच टाका. कॉइल स्प्रिंग बसवा. आमच्याकडं मामेभावानं बसवली, तीन वर्षं झाली, बघायचं काम नाही. गावोगावचे गतिरोधक बघता तेच बरं.

चिकलठाणेकर:
गतिरोधकासाठीच तर हवेचं पाहिजे हो! बटण दाबलं की गाडी वर उचलते, त्यामुळंच आजवर पोट घासलं नाही. कॉइल बसवली की ते बटण गेलं आणि डॅशबोर्डवर कायमचा इशारा. शिवाय अप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. जालन्याला मावशीकडे जायचं तर ते दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नाहीत.

परभणीकर:
मामेभावाच्या गाडीत तो इशारा बंद केलेला आहे. विचारून सांगतो कुणी केलं.

नांदेडच्या वहिनी:
ही २०१० मध्ये औरंगाबादला एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या त्यातली का? आमच्या दिरांना तेव्हा कुणीतरी बुकिंगला चल म्हणालं होतं. ते गेले नाहीत आणि आजवर हळहळतात. दुसरं, नोंदणी किती सालची? १५ वर्षं भरली की आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला आरटीओत उभी करावी लागते.

चिकलठाणेकर:
नाही वहिनी, ही त्यातली नव्हे. जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली घेतली, तीन लिटरचं डिझेल. नोंदणी नोव्हेंबर २०११ ची, म्हणजे दिवाळीनंतर लगेच आरसीचं बघायचंय. बसलेली गाडी तपासणीला न्यायची कशी, हा घोर आहेच.

लातूरकर काका:
बसलेली असताना चालवू नका, अगदी गल्लीतसुद्धा. दुमडलेलं रबर चाकाबरोबर चिरडतं आणि जी चीर बोटभर होती ती हातभर होते. आधी पूर्ण उठू द्या, मगच गिअर. आणि बॉनेट उघडून उंदीर बघा. शेतातल्या घरी माझी वायरिंग दोनदा खाल्लीय.

चिकलठाणेकर:
काका, अप्पांनी सकाळी मोजलं. डावं पुढचं नऊ सेंटीमीटर खाली, बाकीची तिन्ही जशीच्या तशी. जोडावर काहीच नाही. रबराच्या खालच्या घडीवर मात्र बारीक फेस येत राहिला, अप्पांनी बॅटरी धरून फोटो पाठवलाय. तुमचंच खरं निघालं. कंप्रेसर परत करतोय. पुढचा डावा अख्खा शॉकअप मागवला, बलून त्यालाच जोडून येतो. ताई, नाव बदलून घ्या.

सामानवाली ताई:
बदललं. पण शॉकअप लांबडा असतो म्हणे, बॅगेत बसणार नाही, वेगळा नग धरावा लागेल. जाणारे दोघं आहेत, एकाकडे आधीच मिक्सर आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि वजन शुक्रवारपर्यंत मला कळव, इथे सगळ्यांत नको.