नाथसागरात होडीतून पक्षी बघायचेत, दिवस कसा आखावा?

बीडची_दुर्बीण
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं बीडहून पैठणला येऊन नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) होडीने पक्षी बघायचं म्हणतोय. सोबत दहा वर्षांची मुलगी आहे. रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) बघायचेच आहेत, बाकी जे दिसेल ते. पाण्यात किती वाजता उतरावं? बेटावर उतरता येतं का? १० बाय ५० ची दुर्बीण पुरेल की स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) लागेल? आणि यंदा धरण काठोकाठ भरलंय, त्यानं काही फरक पडतो का?

गोदाकाठ
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

नाथसागर म्हणजे बशी. लांबी ५५ किमी, रुंदी काही ठिकाणी २७ किमी, पण खोली बेताचीच. म्हणून पाणी फूटभर जरी उतरलं तरी काठाची भरपूर जमीन उघडी पडते. पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. पाणी त्या पातळीला असताना सखल बेटं बुडालेली असतात, बदकं सगळीकडे पांगतात आणि रोहितांना उभं राहायला जागा उरत नाही. रोहित पायांनी गाळ ढवळतो, मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातो. त्याला उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. डाव्या-उजव्या कालव्याला रब्बीची आवर्तनं (शेतीसाठी ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी) सुटली, पाणी मागं सरकून गाळपेराच्या (पाणी ओसरल्यावर पेरल्या जाणाऱ्या) जमिनी उघड्या पडल्या, की मग तो काठाला येतो.

पट्टकदंबांचं वेगळं. ते मार्चपासून परतीला लागतात. म्हणजे रोहितांसाठी थांबावं तर हे निघून जायची भीती. दोन्ही हवे असतील तर जानेवारी सोडा आणि फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धरा. तारीख हलवता येत नसेल तर रोहितांची आशा कमी ठेवा. पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, हळदीकुंकू बदक यांवर दिवस सार्थकी लागेल.

आणखी एक. पट्टकदंब रात्री आणि पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरतात आणि ऊन चढू लागलं की बेटांवर विसाव्याला येतात. अंधारात बेटाशी जाऊन बसण्यात काही हशील नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तेव्हा होडी काठावरून सुटली तरी थवे परतताना डोक्यावरून जाताना दिसतात.

वल्हं_आणि_वारा
गोदाकाठ यांनी वेळ बरोबर सांगितली. परतीची वेळही तितकीच महत्त्वाची. सकाळी पाणी आरशागत असतं, दहा-अकरानंतर वारा धरतो. एवढ्या रुंद, उथळ पाण्यात लाट आखूड आणि उभी उठते, आणि कमी उंचीच्या होडीत ती थेट आत येते. साडेदहाला होडीचं तोंड काठाकडे वळलेलं असावं. उरलेला दिवस काठावरून बघा, तिथे शेकाटे, धोबी, चित्रबलाक हे पक्षी भरपूर. थर्माकोलच्या चप्पूवर (छोट्या तराफ्यावर) चौघांनी बसायचा विचारही करू नका, तो एका मासेमाराचं जाळं ओढण्यापुरता असतो.

हे अभयारण्य आहे, १९८६ पासून. त्यामुळे होडीवाल्याशी बोलण्याआधी वन्यजीव विभागाला लेखी विचारा: कोणत्या काठावरून, किती माणसं, कोणती होडी. धरणाच्या भिंतीकडे होडी नेऊ नका.

इंजिन वापरणार असाल तर पुढे एक माणूस नजर ठेवून बसलेला हवा. पाण्यावर रांगेत तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. पंख्यात जाळं गुंतलं की इंजिन बंद पडतंच, शिवाय मासेमाराचं जाळं फाटतं. बुडालेल्या बाभळींचे खुंटही असतात, म्हणून दोन वल्ही सोबत असलीच पाहिजेत.

थव्याकडे सरळ कधीच जाऊ नका, तिरकं जा. दोनशे मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला इंजिन बंद करा आणि होडी थव्याच्या बाजूने वाहून जाईल अशी सोडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. पैठण-गंगापूरच्या उत्तर काठावरून बघताना प्रकाश समोरून येतो, पक्षी नुसते काळे दिसतात. होडीचा खरा फायदा इथेच: बेटाला वळसा घालून आग्नेयेला या, ऊन पाठीशी राहतं आणि पट्टकदंबाच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या स्पष्ट दिसतात.

पाणपक्षी_नोंदी
१० पट दुर्बीण हलत्या होडीत त्रास देते. हाताचा आणि पाण्याचा दोन्हीचा हलका झोल १० पट होऊन डोळ्यात येतो. ८ बाय ४२ मागून आणा. स्कोप होडीत निरुपयोगी, काठावर मात्र त्याच्याशिवाय मजा नाही. कॅमेऱ्याचा शटर १/२००० च्या खाली नको, तिपाई घरी ठेवा, खाली बसून कोपर गुडघ्यावर टेकवा.

अंतर मीटरमध्ये मोजण्यापेक्षा पक्ष्यांकडे बघा. चरणाऱ्या थव्यातल्या दोन-चार माना उभ्या राहिल्या की तिथेच थांबा. सगळ्या माना उभ्या झाल्या आणि रोहित एकाच दिशेने चालू लागले, म्हणजे तुम्ही जास्त पुढे आलात. वल्ह्याने मागे घ्या. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंबाला विसाव्याच्या वेळी उठवलं, तर परतीसाठी साठवलेली ताकद फुकट जाते.

बेटावर उतरायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, उतरू नका. फेब्रुवारी सरता सरता नदी सुरय (नदीकाठचे टर्न पक्षी) उघड्या जमिनीवर अंडी घालायला लागतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी खड्यांच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आणि पाय नाही पडला तरी पक्षी उठला की उन्हात अंडी तापतात.

बीडची_दुर्बीण
फार कामाची माहिती, आभार. तारीख फेब्रुवारीत ढकलतो. बेटाचा विषय बंद. मुलीला होडीत नेणं ठीक राहील का?

वल्हं_आणि_वारा
ताई/दादा, नेता येईल, पण लाइफ जॅकेट तिच्या वजनाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं बघा, काठावरच घालून खांद्याला धरून वर ओढून पाहा; हनुवटीच्या वर गेलं तर चालणार नाही. होडीवाल्याकडे लहान माप असेल या भरवशावर राहू नका. कानटोपी, वारा अडवणारं जाकीट, माणशी दोन लिटर पाणी. पांढरे आणि भडक कपडे नकोत. काठावर उतरताना वरून वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळावर भरवसा ठेवू नका, खाली गुडघाभर चिखल असतो. गुरांची पायवाट पकडून चला.