मदत हवी आहे : आजीचे सण आणि आमची गॅलरी

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. आजी गेल्यापासून घरातले सण मीच सांभाळते. तिच्या वहीत हिब्रू नावं नाहीतच. नव्याचा सण, दार फाळणीचा सण, बिरड्याचा सण असंच लिहिलंय. ते म्हणजे अनुक्रमे रोश हशाना (नवं वर्ष), योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपास), तिशा बाव (शोकाचा उपास), हे मी नंतर जुळवलं. तारखांचंही जमलं. सण आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला लागतो, आणि मराठी पंचांगातल्या अधिक मासासारखा हिब्रू पंचांगात जादा अदार महिना 19 वर्षांत 7 वेळा येतो, एवढं आता पक्कं बसलंय.

अडलंय ते सुक्कोथपाशी, म्हणजे मांडवांच्या सणापाशी. तोरातल्या (आमच्या धर्मग्रंथातल्या) लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सात दिवस मांडवात राहायला सांगितलंय. गावी अंगणात माडाच्या झावळ्या टाकून मांडव व्हायचा, फटींतून चांदण्या दिसायच्या. इथे आमच्या गॅलरीवर वरच्या मजल्याची गॅलरी आहे, म्हणजे डोक्यावर आभाळच नाही, तो मांडव धरता येत नाही. गच्ची सोसायटीची. कुणी सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर मांडव घातलाय का? अर्ज कसा लिहिलात? ऑक्टोबरच्या वाऱ्यापावसात झावळ्या कशा बांधल्यात?

आणखी एक. पेसाहला (मिसरातून सुटकेच्या सणाला) आजी ‘अनशी धाकाचा सण’ म्हणायची. त्यातली अनशी, म्हणजे बरणीतलं आंबट तोंडीलावणं, कशी घालायची, हे कुणाच्या आईला, मावशीला आठवत असेल तर कृपा करून विचारून सांगा. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला हे सगळं हातानं करून दाखवायचंय.