क्लच बदलून आणला आणि चार नवी दुखणी सुरू झाली – मदत हवी आहे

धायरीकर

मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे. मला टायरमध्ये हवा किती ठेवायची एवढंच कळतं, तेव्हा जरा समजेल असं लिहा.

गाडी २०१७ ची, पेट्रोल, हाताच्या गिअरची, ७४ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. रोज धायरी ते हडपसर करतो, म्हणजे अर्धा क्लच दाबूनच नोकरीला जातो म्हणा ना. मागच्या महिन्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही ओढायची नाही. घराजवळच्या गॅरेजवाल्याने क्लच गेलाय म्हणून सांगितलं. गेल्या शनिवारी पूर्ण क्लच सेट बदलला, १४,८०० रुपये दिले. क्लच आता लोण्यासारखा आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण रविवारपासून स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जाते आणि गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. सोमवारी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, सिग्नलला उभं असताना इंजिन मध्येच थरथरतं. सकाळी स्टार्टर मारला की कुंथत कुंथत चालू होते. बॅटरी आठ महिन्यांचीच आहे. पार्किंगमध्ये डाव्या पुढच्या चाकाच्या मागे काळसर डाग दिसतोय. आणि एसी पूर्वीसारखा गार करत नाही.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, आपण क्लचचं काम केलं. स्टिअरिंगला, बॅटरीला हातसुद्धा लावला नाही. गाडी जुनी झाली की असं एकेक निघतंच." शनिवारी दुपारपर्यंत यातलं एकही निघालं नव्हतं!

प्रश्न दोन. हा खरंच योगायोग असू शकतो का? आणि त्याच्याचकडे परत जाऊ की दुसरीकडे दाखवू? पुढच्या शुक्रवारी भाच्याच्या मुंजीला कोल्हापूरला जायचंय, आईबाबा बरोबर आहेत.

पेठेतला

चौदा हजार आठशे? नाना पेठेतून सेट स्वतः आणून दिला असता तर बरेच वाचले असते.

धायरीकर

दिले ते दिले हो. आता गाडीचं बोला.

ग्रीसचे हात

बावीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

"क्लचचं काम केलं, बाकी कशाला हात लावला नाही" हे वाक्य कुणी म्हटलं की समजायचं, एकतर समोरच्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चाललाय. क्लच प्लेट असते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये. तिथे पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यासाठी आधी बॅटरी सोडायची. बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबाही बाहेर काढावा लागतो. दोन्ही एक्सल, म्हणजे पुढची चाकं फिरवणारे दांडे, गिअरबॉक्समधून ओढायचे. एक्सल बाहेर यायला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) सोडायचा, पुष्कळ गाड्यांना क्रॉस मेंबरही (इंजिनखालची आडवी लोखंडी चौकट) ढिला करायचा. गिअरबॉक्सवरची अर्थिंगची वायर (बॅटरीची निगेटिव्ह बाजू जोडणारी) काढायची, सेन्सरचे प्लग काढायचे. मग हे सगळं उलट क्रमाने बसवायचं, आणि तेही शनिवारी संध्याकाळी, गिऱ्हाईक दारात उभं असताना.

आता तुमची दुखणी याच्याशेजारी ठेवून बघा. क्रॉस मेंबर किंवा लोअर आर्म दोन-तीन मिलिमीटर सरकून बसला की स्टिअरिंग तिरकं होतं. बोल्ट नीट आवळलेत का ते आधी बघायचं आणि त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. उलट करू नका, अलाइनमेंटचे पैसे पाण्यात जातात. स्टार्टर कुंथतो याचं कारण बहुधा अर्थिंगची वायर नाहीतर बॅटरीचं टर्मिनल ढिलं. दहा मिनिटांचं काम. दिवा आणि थरथर याला एअर फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाईपची क्लिप किंवा एखादी बारीक व्हॅक्यूमची नळी सुटलेली असू शकते. गाडीत हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याला चुकवून आत शिरलेली हवा हिशोबात धरली जात नाही, आणि इंजिनला पेट्रोल कमी पडतं.

डाग मात्र मला आवडला नाही. एक्सल ओढताना गिअरबॉक्सच्या ऑइल सीलला, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीला, चीर जाते, म्हणून आम्ही सील नवीनच टाकायचो. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूत कसली काटकसर करायची. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. स्वच्छ पाणी पडलं तर ते एसीचं, विसरून जा. चिकट आणि उग्र, गंधकासारखा वास आला तर ते गिअर ऑइल. तसं असेल तर ऑइलची पातळी बघितल्याशिवाय कोल्हापूर नाही. सव्वादोनशे किलोमीटर आणि मध्ये खंबाटकीचा घाट. ऑइल कमी असताना गिअरबॉक्स बसला तर क्लचचं बिल स्वस्त वाटेल.

आणि एसीचं नाव यादीतून काढा. क्लचच्या कामात एसी उघडत नाहीत. पाच तक्रारींतली एक खोटी ठरली की समोरचा बाकीच्या चारही तिच्याबरोबर उडवून लावतो. मीही लावल्यात, कबूल करतो.

धायरीकर

काका, पहिल्यांदा कुणीतरी मला माणसात धरून समजावलं. म्हणजे दुसऱ्या गॅरेजला नको?

ग्रीसचे हात

दाखवा, पण पाना लावू देऊ नका. स्कॅनर लावून चेक इंजिनच्या दिव्यामागचा बिघाडाचा कोड कागदावर लिहून घ्या, पुसू देऊ नका. दुसऱ्याचा हात लागला की पहिला मोकळा झाला. मग त्याच्याकडे दुपारी, गर्दी नसताना जा. "तुम्ही काय बिघडवलंत" असं विचारायचं नाही. "गिअरबॉक्स उतरवताना काय काय सोडलं होतं?" एवढंच विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. तो स्वतःच एकेक सांगायला लागेल.

सदाशिव

एवढं गोड कशाला बोलायचं? सरळ ग्राहक आयोगात खेचा.

वकीलीणबाई

खेचता येतं. कामातली हयगय म्हणजे सेवेतली त्रुटीच, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीची सेवाही येते. मुदत दोन वर्षांची, आणि एवढ्या लहान रकमेला जिल्हा आयोगात फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघता येते. पण शुक्रवारच्या मुंजीला यातलं काहीच उपयोगी पडणार नाही. आत्ता एवढंच करा: फोनवर झालेलं बोलणं तारखेसह व्हॉट्सअॅपवर लिहून त्याला पाठवा, डागाचे आणि दिव्याचे फोटो जोडा. बिल पक्कं आहे ना?

धायरीकर

बिल म्हणजे लेटरहेडवर "क्लच काम कंप्लीट" आणि आकडा. सही आहे.

वकीलीणबाई

आकडा, तारीख आणि सही आहे ना, मग चालेल. पुढच्या वेळी पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या.

धायरीकर

पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढे दोन डाग. वास घेतला, बायको म्हणाली चेहरा बघण्यासारखा झाला होता. गिअर ऑइलच आहे. स्कॅनरवर कोड पी०१७१ आला. मेसेज आणि फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. उद्या दुपारी जातोय.

ग्रीसचे हात

पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पाईपच असणार. जाताना गाडी हळू चालवा.

धायरीकर

जाऊन आलो. सांगितलंत तसंच विचारलं. मालक दोन मिनिटं गप्प होता, मग त्याने आतल्या पोराला हाक मारून "रे, शनिवारी क्रॉस मेंबर कुणी टाइट केला?" असं विचारलं. पोराने दुसऱ्या पोराकडे बघितलं.

लिफ्टवर घेतली. एअर फिल्टरच्या पाईपची क्लिप नुसती अडकवलेली होती, आवळलेलीच नव्हती. अर्थिंगचा बोल्ट हाताने फिरत होता. डावीकडचं सील नवीन टाकलं आणि गिअर ऑइल सगळं बदललं, कमी झालंच होतं. क्रॉस मेंबर ढिला करून परत बसवला. या सगळ्याचा एक रुपया घेतला नाही, चहा मात्र पाजला. अलाइनमेंट त्याच्याकडे होत नाही, ती वडगावला करून घेतली. ते पैसे माझेच गेले. अर्धे मागावेत असं मनात आलं होतं, पण चहा पिऊन झाला होता.

दिवा गेला, स्टार्टर पहिल्या झटक्याला लागतो, गाडी सरळ जाते. पुठ्ठा अजून दोन रात्री ठेवणार आहे.

पेठेतला

आणि एसी?

धायरीकर

केबिन फिल्टर काढून बघितला. आत पिंपळाची पानं आणि एक रावळगावचा कागद निघाला. त्याचा दोष गॅरेजवर नाही टाकता येणार.