स्विचफूटचा 'द ब्यूटिफुल लेटडाऊन' : जुना, 'अवर व्हर्जन' की डिलक्स? नेमका कुठला घ्यायचा?

रात्रपाळी

मंडळी जरा मदत करा. स्विचफूट या अमेरिकन रॉक बँडचा 'द ब्यूटिफुल लेटडाऊन' माझ्या फार जवळचा अल्बम, 2003 चा, सीडी आता ठिकठिकाणी अडकायला लागलीय म्हणून म्हटलं 20 वर्षं झाल्याची जी ॲनिव्हर्सरी एडिशन आलीय ती घेऊन टाकावी. शोधायला गेलो तर तीन-तीन समोर आले. एक जुनाच, एक 'अवर व्हर्जन' आणि एक डिलक्स ज्यात भलतेच लोक गातायत.

मला वाटलेलं नेहमीचंच असणार, रिमास्टर करतात, आवाज थोडा खणखणीत करतात, शेवटी दोन-चार डेमो चिकटवतात आणि कव्हरवर वर्षांचा आकडा छापतात. पण 'अवर व्हर्जन'मधलं 'मेंट टू लिव्ह' लावलं आणि लगेच कळलं की हे रेकॉर्डिंगच वेगळं आहे, गायक जॉन फोरमनचा आवाज भरदार झालाय, गिटार पण जुन्यासारखी खरखरीत नाही वाटत. मग याला रीइश्यू, म्हणजे जुनंच परत काढलेलं, कशाला म्हणायचं? सगळा अल्बम परत वाजवलाय का, आणि वाजवला तर का? जुना काय वाईट होता?

(या बँडला लोक ख्रिश्चन रॉकमध्ये धरतात, त्यामुळे आधीच सांगतो, धर्मावरून भांडण नको प्लीज. मी ख्रिश्चन नाही, मला गाणी आवडतात एवढंच.)

---

पडद्यामागचा

हो, सगळा परत वाजवलाय. अकराच्या अकरा गाणी, त्याच क्रमाने, मे 2023 मध्ये आला. कारण कानाचं नाही, कागदाचं आहे.

एका गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक गाणं लिहिल्याचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा त्या ठरावीक रेकॉर्डिंगचा, त्याला मास्टर म्हणतात. मोठ्या लेबलशी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशी, करार केला की मास्टर बहुतेक वेळा लेबलकडे जातो आणि तिथेच राहतो, बँड नंतर दुसरीकडे गेला तरी. म्हणजे गाणं फोरमनचं पण 2003 चं रेकॉर्डिंग कंपनीचं. आता त्या जुन्या रेकॉर्डिंगचं रिमास्टर काढलं असतं तर तुम्ही म्हणता तसं वीस वर्षांचं सेलिब्रेशन झालं असतं खरं पण माल कंपनीचाच राहिला असता. तीच गाणी नव्याने रेकॉर्ड केली की नवा मास्टर बँडचा. करारात सहसा अट असते की अमुक वर्षं हीच गाणी परत रेकॉर्ड करायची नाहीत, ती मुदत संपली की कोणी अडवू शकत नाही. टेलर स्विफ्टने 2021 मध्ये 'फिअरलेस'पासून हेच सुरू केलं, तेव्हापासून नावात कोणाचं तरी 'व्हर्जन' दिसलं की लोकांना न सांगता कळतं.

याचा पैशातला फायदा मुख्यतः सिनेमा, मालिका, जाहिरातीत होतो. तिथे गाणं वापरायचं तर दोन्ही हक्कवाल्यांची परवानगी लागते. 'मेंट टू लिव्ह' 2004 मध्ये 'स्पायडर-मॅन 2'च्या साउंडट्रॅकवर होतं, उद्या असं कोणी परत मागायला आलं तर बँड म्हणू शकतो, कंपनीकडे कशाला जाताय, आमचं घ्या की.

आणि या लोकांचं लेबलशी जमत नव्हतं हे जुनंच आहे. 2005 च्या 'नथिंग इज साउंड'च्या सीडीवर त्यांच्या कंपनीने, सोनीने, कॉपी प्रोटेक्शन (गाणी कॉपी करता येऊ नयेत म्हणून कुलूप) टाकलं होतं, तेच ज्यावरून पुढे मोठा गदारोळ झाला, लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये न सांगता सॉफ्टवेअर घुसत होतं म्हणून. तर बेसिस्ट टिम फोरमनने चाहत्यांना स्वतः लिहून दिलं की ते प्रोटेक्शन चुकवून गाणी कॉम्प्युटरवर कशी घ्यायची. आपल्याच अल्बमच्या बाबतीत, विचार करा! 2007 मध्ये ते सोनीतून बाहेर पडले आणि लोअरकेस पीपल नावाने स्वतःचं लेबल काढलं.

---

कान_तुटका

कारण पटतं हो, बँडच्या खिशात पैसे जावेत याला ना नाही. पण ऐकायला जुनाच. निर्माता जॉन फील्ड्सबरोबर केलेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये एक घाई आहे, विशी संपत आलेल्या पोरांची, आता नाही तर कधीच नाही अशी, आणि ती काही वीस वर्षांनी परत स्टुडिओत बसून आणता येत नाही. नवीन अगदी नीटनेटकं आहे, सगळं जागच्या जागी, ड्रम्स पण मस्त, तेच तर दुखणं आहे ना.

शेवटचं 'ट्वेंटी-फोर' घ्या. नावातच वय आहे. ते 46 वर्षांच्या माणसाने गाऊन काय साधलं?

---

रात्रपाळी

@पडद्यामागचा हे एवढं सविस्तर कुठे वाचलं नव्हतं, थँक्स. म्हणजे मी जुना स्ट्रीम केला तर पैसे कंपनीला आणि नवा केला तर बँडला असं सरळ समजायचं का? आणि @कान_तुटका मला पण तसंच वाटतंय खरं, पण सवय झाली म्हणून तसं वाटत असेल का? इतकी वर्षं एकच ऐकलंय.

---

पडद्यामागचा

इतकं सरळ नाही. जुन्यातून पण बँडला रॉयल्टी जाते, फक्त वाटा लहान, आणि गाणं लिहिल्याचे पैसे दोन्हीकडून येतातच. फरक मास्टरच्या वाट्याचा.

---

उलट_तपासणी

@कान_तुटका यांना एक विचारतो. 'डेअर यू टू मूव्ह' आवडतं का? आवडत असणारच, या बँडचं नाव निघालं की पहिलं तेच आठवतं. पण ते 2003 चं मुळात नाहीचे. 2000 मध्ये 'लर्निंग टू ब्रीद' आला त्यावर ते 'आय डेअर यू टू मूव्ह' नावाने होतं, मग 2002 मध्ये 'अ वॉक टू रिमेंबर' सिनेमात वाजलं, आणि लेटडाऊनच्या वेळी बँडने ते परत रेकॉर्ड केलं, नावातला 'आय' काढून. ते परत केलेलं व्हर्जनच 2004-05 मध्ये बिलबोर्डच्या हॉट 100 वर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, पहिल्या विसात गेलं. म्हणजे तुम्ही ज्याला अस्सल जुनं म्हणताय त्यातलं सगळ्यात मोठं गाणं हेच मुळात 'अवर व्हर्जन' आहे, तेव्हा कोणी तसं म्हटलं नाही एवढंच.

2000 वालं आधी ऐकलेले लोक तेव्हा पण कुरकुरतच असतील की मोठ्या लेबलसाठी चकाचक केलं म्हणून. ज्याने जे आधी ऐकलं त्याला ते खरं वाटतं. बाकी काही नाही.

'ट्वेंटी-फोर'बद्दल तर माझं उलटंच मत आहे, ते गाणं या वयातच जास्त लागतं. चोविसाव्या वर्षी माणूस हिशोब मांडतो तेव्हा त्याच्याकडे हिशोबाला असतं काय?

---

कान_तुटका

'डेअर यू टू मूव्ह'चा मुद्दा मान्य, चांगला पकडला. पण तिथे तीन वर्षांचं अंतर होतं आणि गाणं अजून वाढत होतं, मांडणी बदलली, त्यांना त्यात काहीतरी शोधायचं होतं. इथे वीस वर्षांनी जसंच्या तसं करायचा प्रयत्न आहे. पूर्ण वेगळं केलं असतं, नुसत्या गिटार-पियानोवर केलं असतं तरी मी पहिला घेतला असता. आहे तसंच करायचं तर मग आहे ते आहेच ना.

'ट्वेंटी-फोर'वर आपलं जमायचं नाही :)

---

पुस्तकी_किडा

हक्कांचं झालं, आता थोडं या प्रकाराच्या बाजाराबद्दल, कारण ख्रिश्चन रॉकमध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनचं गणित बाकीच्या रॉकपेक्षा जरा वेगळं आहे.

अमेरिकेत ही गाणी कित्येक वर्षं वेगळ्याच दुकानांत विकली जायची, ख्रिश्चन पुस्तकांच्या दुकानांत. लेबलं वेगळी, रेडिओ वेगळा, चार्ट पण वेगळा. स्विचफूटचे पहिले तीन अल्बम त्याच वाटेने आले, चार्ली पीकॉकच्या री:थिंक लेबलवरून. लेटडाऊनला दोन्ही दरवाजे होते, ख्रिश्चन दुकानांसाठी स्पॅरो आणि बाकी बाजारासाठी सोनीचं कोलंबिया आणि तिचं छोटं लेबल रेड इंक. बिलबोर्ड 200 वर, म्हणजे अल्बमच्या क्रमवारीत, 16 पर्यंत गेला, अमेरिकेत वीस लाखांच्या वर खपला. बँड मात्र कायम सांगत आलाय की आम्ही श्रद्धेने ख्रिश्चन आहोत, संगीताचा प्रकार म्हणून नाही. त्यामुळे रात्रपाळी, तुम्ही ख्रिश्चन नाही हे सांगायची तशी गरजच नव्हती, हे लोक तुमच्यासारख्यांसाठी पण गात होते.

आता ती दुकानंच गेली. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सने 2017 मध्ये आपली सगळी दोनशे चाळीसेक दुकानं बंद केली, 2019 मध्ये लाइफवे या दुसऱ्या साखळीनेही दुकानं गुंडाळायचं जाहीर केलं. छोट्या लेबलांचे कॅटलॉग विकले गेले, मग परत विकले गेले, आणि कितीतरी चांगले अल्बम कोणाच्या तरी कपाटात पडून आहेत, ना सीडी ना स्ट्रीमिंग. म्हणून अशी कुठलीही एडिशन निघाली की मला आधी बरं वाटतं, खुसपटं नंतर काढतो.

काढली जातात त्यांच्या पण तऱ्हा आहेत. डीसी टॉकच्या 'जीझस फ्रीक'ला (1995) दहा वर्षं झाली म्हणून 2006 मध्ये दोन सीडींचा संच आला होता, मूळ अल्बम एकीकडे आणि जास्तीचा माल दुसरीकडे, हा सरळ मार्ग. स्ट्रायपरच्या 'टू हेल विथ द डेव्हिल'ची (1986) भानगड आवाजाची नव्हतीच, कव्हरची होती. पहिल्या कव्हरवर बँडसारखे दिसणारे देवदूत सैतानाला खाली ढकलतायत असं चित्र होतं, त्यावर बोंब झाली आणि नंतर साधं काळं कव्हर आलं, त्यामुळे ते पहिलं कव्हर लोक आजही शोधत असतात. संगीत तेच, भांडण पुठ्ठ्यावरून. आणि लॅरी नॉर्मनचा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' (1972) तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत घेतलाय, तरी या प्रकाराबाहेर विचारलं तर कोणाला नाव माहीत नसतं.

तर ॲनिव्हर्सरीला अख्खा अल्बम परत वाजवायचा ही या सगळ्यात वेगळी चाल आहे. रीइश्यू हा शब्द त्याला बसत नाही हे तुमचं बरोबर आहे, पण दुकानवाले आणि वेबसाइटवाले सगळं एकाच खणात टाकतात.

---

सुई_आणि_खाचा

घ्यायचं काय यावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

जुना हवा असेल तर सेकंडहँड सीडी घ्या, छापल्याच एवढ्या आहेत की सापडेल. डिस्कची खालची बाजू उजेडात धरून बघा, बारीक चरे चालतात, गोलाकार खोल चरा असेल तर सोडून द्या, तो जास्त त्रास देतो. रेकॉर्ड म्हणजे व्हायनल घ्यायची असेल तर आधी मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) कुठलं आहे बघा. 2003 च्या आसपासचे रॉक अल्बम बहुतेक सगळे आवाजाच्या शर्यतीत दाबून दाबून मोठे केलेले असतात, हळू आणि जोरात यातला फरकच राहत नाही. तोच दाबलेला डिजिटल मास्टर उचलून व्हायनलवर छापला तर पैसे जास्त आणि आवाज तोच. व्हायनलसाठी वेगळं मास्टरिंग केलंय असं वेष्टणावर किंवा बँडच्या साइटवर लिहिलेलं असेल तरच जा.

डिलक्स सप्टेंबर 2023 मध्ये आला, त्यात याच गाण्यांची दुसऱ्या कलाकारांनी केलेली व्हर्जन्स आहेत. 'मेंट टू लिव्ह' जोनास ब्रदर्सनी केलंय. हसू नका, त्यांचे वडील पास्टर होते, ही पोरं या गाण्यांच्या वातावरणातच वाढलेली, आणि ऐकलं तर वाईट नाहीये. पण डिलक्स विकत घेण्यासारखा नाही माझ्या मते, स्ट्रीमवर ऐका, आवडलेली दोन-तीन बाजूला काढा.

---

रात्रपाळी

ठरलं मग. जुन्याची चांगल्या अवस्थेतली सीडी शोधतो आणि 'अवर व्हर्जन' बँडच्या साइटवरून विकत घेतो, मी आणि बँड दोघंही खूश. डिलक्स फुकटात ऐकतो, जोनासवालं लावलं आत्ताच, चालेल इतपत आहे. 2000 चं 'आय डेअर यू टू मूव्ह' मात्र मी कधीच ऐकलं नव्हतं, ते पण लावतो आता, @उलट_तपासणी यांच्यामुळे चौथं व्हर्जन गळ्यात पडलं.

---

सुई_आणि_खाचा

एक राहिलंच, ॲपवर प्लेलिस्ट बनवताना बघून टाका. नावं जवळजवळ सारखी आहेत आणि शोधलं की कधी जुनं वर येतं कधी नवं, माझ्या लिस्टमध्ये अर्धी गाणी 2003 ची आणि अर्धी 2023 ची अशी खिचडी झालेली. प्रत्येक गाण्याच्या नावापुढे कंसात 'अवर व्हर्जन' आहे का ते तपासा.

---

कान_तुटका

आणि न बघता ओळखता आली तर इथे येऊन सांगा, मी मत बदलायला तयार आहे. 'ट्वेंटी-फोर' सोडून.